घोड्याचे अर्धे घर

शनिवारी शाळा साडेअकराला सुटते आणि त्यानंतरचा बुद्धिबळाचा वर्ग एकला. आता दीड होऊन गेला आहे. तासगावातल्या एका प्राथमिक शाळेच्या शेवटच्या खोलीत निनाद कुंभोजकर एकटाच बसला आहे. समोर प्रगतिपत्रक आहे, हातात पेन आहे. अकरा नावांपुढे त्याने लिहून टाकले आहे. बाराव्या नावापुढची चौकट मात्र रिकामी आहे.

चौकटीच्या माथ्यावर मुख्याध्यापिका वग्यानीबाईंच्या ठसठशीत अक्षरात 'तर्कबुद्धी' असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली निवडीसाठी तीन शब्द: विकसित, विकसनशील, अविकसित. ज्यांच्यापुढे तिसरा शब्द येईल त्यांना सोमवारपासून चित्रकलेच्या वर्गात बसवायचे ठरले आहे. बुधवारी पालकांसमोर प्रात्यक्षिक आहे.

"निनाद सर, चित्रकला काही वाईट नाही," बाई जाताना दारात थांबून म्हणाल्या होत्या. "पण घोडा रेघेवर ठेवणारी मुलगी मी पालकांपुढे बसवू? तर्कवर्ग म्हणून जाहिरात केली आहे आपण. लोक म्हणतील, सात महिने काय शिकवलं?"

त्याला उत्तरे नेहमी माणूस निघून गेल्यावर सुचतात. आज मात्र माणूस गेल्यावरही सुचले नाही, कारण हाच प्रश्न तो स्वतःला कित्येक दिवस विचारत होता. सात महिने काय शिकवले? वर्गातला अथर्व चार चालींची मात पाठ करून सगळ्यांना हरवतो, आणि पाचव्या चालीला प्रतिस्पर्धी टिकून राहिला तर रडतो. त्याच्यापुढे 'विकसित' लिहिले आहे. बाकीची मुले सर सांगतील तिथे सोंगटी ठेवतात आणि सरांच्या तोंडाकडे पाहतात. तर्क कसा असतो हे दाखवायला निघालेल्या माणसाने अकरा मुलांना आपला चेहरा वाचायला शिकवले होते.

राहिली प्रांजल सुतार. इयत्ता दुसरी. वडिलांचे स्टँडमागे लाकूडकामाचे दुकान आहे. मुलगी बोलते कमी आणि मोजते फार. पहिल्या दिवशी तिने बाकाची लांबी वितीने मोजून शेजारच्या मुलाला सांगितली होती. घोडा अडीच घरे चालतो हे तिला सांगितल्यापासून ती तो दोन घरे नीट नेते आणि मग अर्धे घर पुढे सरकवून बरोबर रेघेवर उभा करते. दर वेळी.

आज त्याचा तोल गेला. "अगं, किती वेळा सांगायचं? घोडा रेघेवर नसतो ठेवायचा!"

"मग अडीच कसं होणार, सर?"

"होतं! मी दाखवलं ना? दोन घरं सरळ, मग बाजूला."

"बाजूला एक आहे. दोन आणि एक तीन."

"अडीचच म्हणतात त्याला!"

प्रांजलने पटावर बोट टेकवले होते. "सर, पण इथं आहे ना..."

त्याने पुढचे ऐकून घेतले नाही. तिच्या हातातला घोडा त्याने हिसकावलाच. आवाज चढवणे त्याच्या स्वभावात नाही; म्हणूनच कदाचित तो चढला तेव्हा इतका परका आणि कर्कश निघाला. प्रांजल रडली नाही. हात मांडीखाली दाबून ती घंटा होईपर्यंत बसून राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होते.

तो घोडाही खरा घोडा नाही. बारा मुलांना सहा पट लागतात. शाळेकडे प्लास्टिकचे पाचच आहेत, म्हणून सहावा निनादने घरून आणला आहे: त्याला हा खेळ शिकवणाऱ्या बाबालाल मुजावर यांचा जुना लाकडी पट. त्यातला एक काळा घोडा निनादच्या जन्माआधीच हरवलेला, आणि त्याच्या जागी इंजेक्शनच्या बाटलीचे रबरी बूच. बाबालालचाचा दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेल्याला दोन वर्षे झाली. तेव्हा निनाद पुण्यात प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसला होता, मातीला पोचू शकला नाही. महिन्याभराने चाचांच्या मुलीने पट जुन्या ओढणीत गुंडाळून आणून दिला. म्हणाली, "अब्बा म्हणायचे, निनादचा हाय."

तो 'अ' लिहितो. अनुस्वार नको, मात्रा नको, सोपा शब्द आहे. पुढचे 'वि' लिहायचे म्हणून तो पेन उचलतो, आणि पेन जड वाटते. डोके क्षणभर टेकावे म्हणून तो लाकडी पटावर गाल ठेवतो. लाकडाला अजून औषधाचा वास आहे. का तो वास लाकडाला नसून पंख्याच्या आवाजातून येतो आहे, हे त्याला आता नीट ठरवता येत नाही. रबरी बूच मुठीतच राहिले आहे. खिडकीतला उन्हाचा चौकोन फरशीवरून एक घर पुढे सरकतो. मग आणखी एक. मग अर्धे.

"नंबर किती?" कोणीतरी विचारते.

"बारा," निनाद म्हणतो.

"मग बस. आकरा झाल्यात."

बाक तोच आहे, पण आता तो भिंतीला लागून आहे आणि भिंत खालून निम्म्यापर्यंत हिरवी आहे. दवाखाना भरलेला असावा असे वाटते, कारण खोकण्याचे आवाज येत आहेत. दिसत मात्र कोणी नाही. जाळीच्या खिडकीआड बाबालालचाचा बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवत उभे आहेत. पट्टीला कात्रीने डोसाच्या खाचा पाडायच्या, मग खळ लावून ती बाटलीवर उभी बसवायची. पांढरा लेंगा, निळा स्वेटर, उन्हाळ्यातही. ते वारले आहेत हे निनादला ठाऊक आहे. ते बोलून दाखवणे बरे दिसणार नाही एवढेच त्याला वाटते.

"चाचा, मी यायला हवं होतं," तो म्हणतो.

"आलास की."

"तेव्हा."

"तवा गर्दी हुती." चाचा पट्टी अंगठ्याने दाबून बसवतात. "काय दुखतंय?"

"काही नाही. एक शब्द लिहायचा आहे. एकच अक्षर झालं."

"बघू जीभ."

तो जीभ काढतो. चाचा थर्मामीटर झटकतात. पटावर समोरचा माणूस विचार करत बसला की ते असेच झटकत राहायचे. त्या झटक्यांच्या तालावर निनादचे अर्धे बालपण गेले आहे. चाचा थर्मामीटर त्याच्या तोंडात घालतात आणि त्यामुळे त्याला बोलता येत नाही. सांगायचे तर पुष्कळ आहे: मुले माझ्या तोंडाकडे पाहतात, हा खेळ काहीच शिकवत नाही, मी तुमच्या नावावर खोटे बोलतो आहे. तो नुसता हुंकारतो.

"लई ताप हाय," चाचा थर्मामीटर न पाहताच म्हणतात. "कुणावर तापलास?"

खिडकीची जाळी रुंद होत जाते. ती आता बेदाण्याच्या शेडची जाळी आहे, एकावर एक अकरा थरांची, आणि ते दोघे खालून वर पाहत उभे आहेत. ऊन आणि गंधकाचा वास. जाळ्यांवर द्राक्षांऐवजी मुले बसली आहेत, मांडी घालून, हात बांधून, आणि एका सुरात म्हणत आहेत:

"एक अडीच अडीच, बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात..."

"हे मी शिकवलेलं नाही," निनाद घाईने म्हणतो. "हल्ली अडीचकी नसते शाळेत."

"मग तुझ्या तोंडाकडं बघून म्हणत असतील." चाचा हसतात. वरचा एक दात नाही. तो शेवटी शेवटी पडला असावा, निनादने पाहिलेला नाही. "वाळल्यात बरी. पण चव बघितलीस का एकाची तरी?"

"चाचा, टोमणे नका मारू. मी थकलो आहे."

"पोरं बी थकल्यात. ती बघ."

सर्वांत वरच्या जाळीच्याही वर एक जागा रिकामी आहे. बाराव्या थराला जाळीच नाही. तिथे नुसती दोरी ताणलेली आहे, आणि दोरीवर, बरोबर मधोमध, रबरी बूच उभे आहे. ते पडत नाही याचाच निनादला राग येतो.

"तिथं ठेवायचं नसतं!" तो ओरडतो. तोच परका आवाज. अडीचकी थांबते. बेदाणे टपटप खाली पडू लागतात, एकेक, मुलांच्या हातांतून, आणि प्रत्येक बेदाणा जमिनीवर पडताना थर्मामीटरसारखा फुटतो.

चाचा खाली वाकून पाऱ्याचे मणी तळहातावर गोळा करतात. "एवढं वरडायला काय झालं?"

"ती चुकते आहे."

"कुठं?"

"घोडा रेघेवर ठेवते. अर्धं घर कुठे आहे म्हणून विचारते."

"मग कुठं हाय?"

"नसतंच ते! म्हणायची पद्धत आहे. सगळे म्हणतात. तुम्हीच म्हणालात मला, घोडा अडीच घरं."

"व्हय. माझ्या वस्तादानं म्हटलं, मी म्हटलं. मी म्हटलं, तू म्हटलंस." चाचा पारा एका बाटलीत ओततात. बाटलीवर कागदी पट्टी आहे आणि ते पुन्हा जाळीच्या खिडकीआड आहेत. शेड कुठे गेली हे विचारण्याचे निनादच्या मनात येत नाही. "शब्द आपला. आपण दिलेला. तिनं तो खरा मानला. मग चूक तिची कशी रं?"

हिरव्या भिंतीवरचे घड्याळ अडीच वाजल्याचे दाखवते; काटे रेघांवर आहेत.

"ही बघ." चाचा बाटली उजेडात धरतात. "सहा डोस, सहा खाचा. डॉक्टर म्हणायचे, लहान पोराला अर्धा डोस. आता अर्ध्याची खाच कुठं हाय हिच्यावर?"

"नाही."

"तरी बाया बरोबर द्यायच्या. एकदा विचारायच्या मातर. कंपाउंडर, अर्धा म्हंजी कुठवर? जी विचारायची, तिचं पोर पहिल्यांदा बरं व्हायचं. जी मान हलवून जायची, तिची मला काळजी वाटायची."

"मी मान हलवणारा होतो," निनाद म्हणतो. हे वाक्य त्याने कोणालाही सांगितलेले नाही. जिल्हा पातळीवरच्या तीन स्पर्धा, तिन्हींत दुसऱ्या फेरीत हार. पाठ केलेल्या चाली संपल्या की तो हाताला लागेल ती सोंगटी पुढे ढकलायचा. "तुम्ही सांगितलंत ते मी पाठ केलं. मी कधी काही विचारलंच नाही तुम्हाला."

"कोण म्हणतं?"

"मला आठवतं ना."

"तुला काय आठवतंय, डोंबल!" चाचा खिडकीतून हात बाहेर काढतात आणि त्याच्या कपाळावर टिचकी मारतात. टिचकी दुखते. "सात वर्षांचा हुतास. आईचं इंजेक्शन असायचं, तू बाकावर. घोडा दिला हातात, म्हटलं, हा अडीच घरं चालतोय. आन् मी ड्रेसिंगला आत गेलो. एकाचा पाय फाटला हुता, येळ लागला. भायेर येऊन बघतोय तर ह्यानं ट्रेमधलं पातं घेऊन पटाचं एक घर मधनं चिरलेलं!"

"मी?"

"मग काय तुझा डॉक्टर? म्हटलं, काय केलंस हे? तर म्हणतोस, चाचा, अर्धं घर न्हवतं, म्हणून केलं."

निनादला ते आठवत नाही. तो आठवण्याचा प्रयत्न करतो आणि त्याच्या हातात पाते येते, पातळ, गार. पण ते कोणत्या हाताने धरले होते हेही त्याला कळत नाही. त्याचे पाय बाकावरून जमिनीला टेकत नाहीत. आतल्या खोलीत कोणीतरी हळूच कण्हते आहे.

"तुम्ही रागावलात?"

"रागावलो की! सागवानी पट, सासऱ्यानं दिल्याला. दोन शिव्या तोंडात आल्या. मग म्हटलं, पोरगं तर बरोबर हाय. आपल्याच बोलण्यात अर्धं घर हाय आन् पटावर न्हाई."

"मग काय सांगितलंत मला?"

"काई न्हाई. मलाबी कुठं ठाऊक हुतं? म्हटलं, चालव. कुठं अडतोय बघ. तीन दिस तू आन् घोडा. बायका म्हणायच्या, कंपाउंडर, ह्या पोराला टकटक करू नको म्हणावं, डोस्कं उठलं."

"आणि?"

चाचा पुन्हा थर्मामीटर झटकू लागले आहेत. मधे पट मांडलेला आहे. कधी मांडला हे निनादला दिसले नाही. पटावर फक्त बूच आहे. बाकीची घरे उन्हाच्या चौकोनांसारखी किंचित सरकत आहेत. सरकणारी ती घरे हाताने दाबून धरावीत असे त्याला वाटते.

"चाचा, आणि? तिसऱ्या दिवशी काय झालं?"

"तिसऱ्या दिशी म्हणालास, घोडा अर्ध्या घरात थांबत न्हाई. अर्ध्या घरातनं वळतोय." चाचा हे वाक्य लहान मुलाच्या आवाजात म्हणतात, आणि तो आवाज नक्कल वाटत नाही. "मला साठ वरसं कुणी असं सांगितलं न्हवतं. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते पेशंट तपासत हुते, म्हणाले, बाबालाल, नंतर."

"मग मी हे विसरलो कसा?"

"पाठ करून जिंकाया लागलास नव्हं."

खोकण्याचे आवाज थांबले आहेत. जाळीच्या खिडकीवर चाचा आतून कापड ओढू लागतात. दवाखाना बंद करताना ओढायचे तसे, डावीकडून उजवीकडे. त्या कापडावर फुले आहेत. ती ओढणी आहे.

"थांबा!" निनाद उठतो. "तिच्यापुढे काय लिहू? बुधवारी पालक येणार आहेत. बाईंना तीनच शब्द चालतात. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"पुन्हा माझ्याच तोंडाकडं बघतोस?"

"चाचा, खरंच. ह्या एका वेळी सांगा."

ओढणी निम्म्यावर येऊन थांबते. निम्मा चेहरा दिसतो: एक डोळा, स्वेटरची एक बाही, थर्मामीटर धरलेला हात.

"चाल तुझी हाय," चाचा म्हणतात. तीस-चाळीस वर्षे रोज संध्याकाळी समोरच्या माणसाला म्हणायचे तसेच, घाई न करता. मग जरा पुढे वाकून, खालच्या आवाजात: "आन् मूठ सोड की. घोड्याला घाम आलाय."

तो मूठ सोडतो.

बूच फरशीवर पडून दोनदा उसळी घेते आणि कपाटाखाली जाते. त्या आवाजाने निनाद डोळे उघडतो. पंखा फिरतो आहे. हिरवी भिंत नाही. पिवळी आहे, आणि तिच्यावर बाराखडीचा तक्ता आहे. तळहातात बुचाचा लाल गोल उमटला आहे. गाल दुखतो आहे. तोंडात कडवट चव आहे, आणि बाहेर मैदानात कोणीतरी हापशाचा दांडा मारते आहे.

तो लगेच उठत नाही. गाल टेकला होता ते घर त्याच्या डोळ्यांसमोर आहे, इतके जवळ की आधी नीट दिसतच नाही. मग दिसू लागते. पटाच्या डाव्या बाजूचे एक पांढरे घर. त्याच्या मधोमध आडवी एक रेघ गेली आहे.

तो नख लावतो. नख अडकते.

चीर जुनी आहे. कडा झिजून मऊ झाल्या आहेत, आत वीस वर्षांचा मळ बसून काळा झाला आहे. ती सरळही नाही. शेवटाकडे वर गेली आहे, पाते धरणाऱ्याचा हात लहान असावा तशी. सात महिने हा पट तो दर शनिवारी पुसत होता. पण चिरेवर आणखीही काही आहे. पेन्सिलीची ताजी रेघ, दुकानातला सुतार पट्टी लावून मारतो तशी, जोर न देता, पण न चुकता मारलेली. जिथे जुनी चीर वर गेली आहे तिथे ही रेघ गेलेली नाही. प्रांजलने ती चीर दुरुस्त केली आहे.

*सर, पण इथं आहे ना.*

निनाद बोट फिरवतो. बोटाच्या टोकाला शिसे लागते, चकचकीत, करडे. रडू येईल असे त्याला वाटते, पण येतो तो संतापच. स्वतःचा, तीन शब्दांच्या चौकटीचा, डॉक्टरांच्या त्या 'नंतर'चासुद्धा. वर्गात फक्त खाली पाहायचे होते. त्याने पाहिले तिच्या तोंडाकडे, आणि तिने त्याच्या.

प्रगतिपत्रक तसेच पडले आहे. बाराव्या चौकटीत एकटा 'अ' आहे. बोटाने कागद सरळ करायला जातो तर शिशाचा ठसा त्या अक्षरावरच उमटतो. तो खोडरबर शोधत नाही. पेन उचलून त्याच 'अ'ला जोडून पुढे लिहितो, सावकाश, रेघ न सोडता: 'अर्धे घर कुठे आहे, असे विचारते. मला माहीत नव्हते.' वाक्य चौकटीत मावत नाही. ते 'शेरा'च्या रकान्यात शिरते आणि तिथूनही समासात जाते. वग्यानीबाई बोलतील. सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलापुढे उभे राहायला लागेल आणि उत्तर सुचणार नाही, हे त्याला आत्ताच ठाऊक आहे.

मग तो गुडघ्यांवर बसतो, कपाटाखाली हात घालतो, धुळीतून बूच काढतो आणि सदऱ्याला पुसतो. बुधवारच्या यादीत सहाव्या पटापुढची जागा रिकामी ठेवली होती. तिथे तो लिहितो: प्रांजल सुतार, लाकडी पट.

पट तो पुसत नाही. बूच त्या चिरेवर उभे करून ठेवतो, आणि पंखा बंद करतो.